काळ्या मातीत मांजरांसाठी जाळीबंद अंगण कसे उभारावे?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घराला लागूनच कपाशीचे शेत आहे. फवारणीच्या दिवसांत तिकडे फिरलेले मांजर अंगाला लागलेले औषध चाटून दगावू शकते, म्हणून आमच्या नसबंदी केलेल्या दोन मांजरांना मागच्या ओसरीसमोर 8 बाय 10 फुटांचे जाळीबंद अंगण करून द्यायचे आहे. दिवसभर खिडकीच्या गजांना नाक लावून बसलेली ती पाहवत नाहीत.

आधी लावलेली नायलॉनची जाळी माकडांनी फाडली. नंतरच्या कोंबडीजाळीची तार मोकळी होऊन पंजात अडकू लागली. आता अर्धा इंची वेल्डेड जाळी आणि लोखंडी अँगल घेण्याचे ठरवले आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जात असल्याने वर पत्रा न घालता जाळीवर हिरवी शेडनेट टाकणार आहोत.

खरी अडचण जमिनीची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे खांब कलून जाळीखाली फट राहते आणि तिथून घोणस किंवा मण्यार आत शिरण्याची भीती वाटते. सगळीकडे काँक्रीट टाकण्याइतके पैसे सध्या नाहीत. अशा जमिनीत खांब किती खोल व कशात रोवावेत, आणि जाळीची खालची कड कशी बंद करावी, हे अनुभवी मंडळी कृपया सांगतील का?