उत्तर: युरोपा वितळेल, पण पुढे काय?

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा झाला की गुरूच्या युरोपा या चंद्रावरचा बर्फ वितळेल आणि तिथे जीवसृष्टीला संधी मिळेल. बर्फ वितळेल हो, पण पाणी टिकणार कसं? युरोपाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढं. वाफ धरून ठेवायची ताकदच नाही. शिवाय त्या अवस्थेत ताऱ्याचं तेज वाढतच जातं, म्हणजे राहण्याजोगा पट्टा (जिथे पाणी द्रव राहू शकतं तेवढं अंतर) बाहेर सरकत राहतो.

मला जास्त नवल वाटतं ते त्यानंतरच्या टप्प्याचं. कालेय तारकासमूहात, सुमारे ८० प्रकाशवर्षांवर एक श्वेतबटू, म्हणजे तांबडा राक्षसी तारा संपल्यावर उरलेला छोटा गाभा आहे, पृथ्वीहून थोडासाच मोठा. २०२० मध्ये त्याच्याभोवती गुरूएवढा ग्रह सापडला, डब्ल्यूडी १८५६ बी. म्हणजे ग्रह ताऱ्याच्या कितीतरी पट मोठा! प्रदक्षिणा फक्त ३४ तासांत. तारा फुगलेला असताना हा ग्रह आजच्या जागी असता तर गिळलाच गेला असता. तेव्हा तो नंतर आत आला असणार.

तिथे कोणी राहत असेल असं नाही, तो वायूचा गोळा आहे. पण एखादा खडकाळ ग्रह असाच नंतर आत सरकला तर? श्वेतबटू इतका सावकाश निवतो की ऊब अब्जावधी वर्षं पुरावी. फक्त जवळ येताना भरती-ओहोटीच्या घर्षणाने ग्रह इतका तापू शकतो की पाणी आधीच उडून जाईल. माझं घोडं तिथेच अडतं.