जर्मनीतला नाताळ बाजार: एवढा खर्च करून पाहण्यासारखा आहे का?

प्रश्न – निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. आमची मुलगी आणि जावई जर्मनीत न्युर्नबर्गजवळच्या एर्लांगन शहरात राहतात आणि या डिसेंबरात त्यांनी आम्हा दोघांना तिकडे बोलावले आहे. न्युर्नबर्गचा नाताळ बाजार जगभर नावाजलेला असल्यामुळे तो आम्ही पाहावाच, असा मुलीचा आग्रह आहे. जावयांचे मत मात्र असे की तिथे एका कप गरम पेयाला पाचशे रुपये मोजावे लागतात, पाऊल ठेवायला जागा नसते आणि तशाच वस्तू शहरातल्या दुकानांत स्वस्त मिळतात. दोघांचेही म्हणणे मला पटते, म्हणून ज्यांनी हा बाजार प्रत्यक्ष पाहिला आहे अशा सोलापूरकरांकडून सविस्तर ऐकावे असे वाटते.

आम्ही दोघेही निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे असल्यामुळे प्रत्येक युरोचा मनात रुपयांत हिशेब होणार, हे उघड आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही आणि मद्याला स्पर्श करत नाही. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार वेळ उभे राहणे जमत नाही. परतताना शेजारीपाजारी आणि नातवंडांसाठी काहीतरी आणायचे आहे, पण ते खरोखर तिथलेच असावे. एका पर्यटन कंपनीने कोलोन आणि स्ट्रासबुर्ग हे दोन बाजारही जोडून घ्या, असे सुचवले आहे. 21 डिसेंबरला पोहोचून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परतायचे, असे मनात आहे, कारण सिद्धेश्वरांची यात्रा आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आम्ही चुकवत नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर – नवी पेठ

ताई, नमस्कार. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त न्युर्नबर्गला होते आणि त्या काळात हा बाजार मला निवांतपणे पाहता आला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. तुम्ही 21 तारखेला पोहोचलात तर बाजारासाठी जेमतेम तीन दिवस हाती राहतात, कारण तो 24 डिसेंबरला दुपारी दोन वाजता बंद होतो आणि मग थेट पुढल्या वर्षीच भरतो. आपल्याकडे नाताळ म्हटले की 25 तारीख डोळ्यांसमोर येते. तिकडे हा बाजार नाताळच्या आधीच्या आठवड्यांचा, म्हणजे ज्याला ते आडव्हेंट म्हणतात त्या काळाचा असतो. आडव्हेंटच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी तो सुरू होतो. 25 आणि 26 या दोन्ही दिवशी तिथली दुकानेसुद्धा उघडत नाहीत. तिकीट अजून काढले नसेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पोहोचा. सुट्ट्या लागण्यापूर्वी विमानभाडेही सहसा कमी असते.

आता खर्चाचे. प्रवेशाला एक पैसाही पडत नाही, आणि ताई, जे पाहण्यासारखे आहे ते बहुतांशी फुकटच आहे. हाउप्टमार्क्ट नावाच्या मोठ्या चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांची सुमारे 180 लाकडी दुकाने मांडलेली असतात आणि त्यांच्या मागे फ्राउएनकिर्श हे जुने चर्च उभे असते. या बाजाराचा सर्वांत जुना लेखी पुरावा 1628 सालचा आहे. दुकानांवर प्लॅस्टिकच्या हिरव्या माळा लावायच्या नाहीत आणि ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची नाहीत, असा नगरपालिकेचा नियम आहे, त्यामुळे एवढ्या गर्दीतही कानठळ्या बसत नाहीत. आपल्याकडच्या उत्सवांतही असे व्हावे, असे मला मनापासून वाटते. दुपारी बारा वाजता मात्र त्या चर्चसमोर अवश्य उभे राहा. दर्शनी भागावर 1509 साली बसवलेले यांत्रिक घड्याळ आहे; बाराचे ठोके पडले की सिंहासनावर बसलेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती सात राजनिर्वाचकांच्या, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या सत्ताधीशांच्या, मूर्ती फेऱ्या घालू लागतात. सम्राटाची निवड कशी व्हावी हे ठरवणारे फर्मान त्याने 1356 साली काढले, त्याची ती आठवण आहे.

तुमचे जावई म्हणतात तो पेयाचा दर खरा आहे. ग्लूवाइन म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाइन; तिला चार ते पाच युरो पडतात आणि युरो सध्या शंभर रुपयांच्या आसपास आहे. शिवाय कपासाठी काही युरो अनामत घेतात, त्यामुळे पहिल्यांदा पैसे देताना छातीत धस्स होते. कप परत केला की अनामत परत मिळते, आणि ठेवून घ्यायचा असेल तर कप आपला होतो. चित्र छापलेला तो कप हीच या बाजारातली सर्वांत स्वस्त आठवणवस्तू आहे. मुलांसाठी असलेला किंडरपुन्श हा फळांच्या रसाचा गरम प्रकार बिनमद्याचा असतो, तो तुम्हाला चालेल.

हे दर म्हणजे लूट आहे, असे मी म्हणणार नाही. दुकानदाराला चारच आठवड्यांत भाडे, वीज आणि नोकरांचे पगार भरून काढायचे असतात. जर्मनीत 2015 साली किमान वेतन लागू झाले तेव्हा ते तासाला 8.50 युरो होते, ते 2025 साली 12.82 युरोवर गेले. बर्लिनच्या बाजारावर 2016 साली आणि माग्देबुर्गच्या बाजारावर 2024 साली गाडी घालून हल्ले झाले, तेव्हापासून काँक्रीटचे अडथळे आणि पहारा यांवरचा खर्चही वाढला आहे. हे सगळे शेवटी कुठेतरी वसूल होणारच.

सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडा आणि तीनच्या सुमारास पोहोचा. सूर्य सव्वाचारलाच मावळतो, त्यामुळे उजेडातला आणि दिव्यांतला असा दोन्ही बाजार पाहून, कचेऱ्या सुटल्यावरची गर्दी लोटण्यापूर्वी तुम्ही परत फिरू शकाल. शनिवारी जाऊच नका. काकांच्या गुडघ्यांसाठी सांगतो: रस्ते दगडी फरशीचे आहेत आणि दुकानांपाशी खुर्च्या नसतात, उंच टेबलांभोवती उभ्यानेच खावे-प्यावे लागते. थकवा आला तर फ्राउएनकिर्शमध्ये किंवा जवळच्या सेबाल्ड चर्चमध्ये बाकांवर शांतपणे बसता येते, कोणी हटकत नाही. स्वच्छतागृहाला पैसे लागतात आणि पुष्कळ दुकाने कार्ड घेत नाहीत, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्या.

उत्तर – चाटी गल्ली, कापड व्यापारी

वस्तूंविषयी मी लिहितो, कारण तो माझा रोजचा विषय आहे. सोलापुरी चादर या नावाने देशभर काय काय विकले जाते, हे आपण सगळे जाणतो. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरीही मयूरपंखी नक्षीची भलतीच चादर सोलापुरी म्हणून सर्रास गळ्यात मारली जाते. नाताळ बाजारातही डोळे तितकेच उघडे ठेवावे लागतात. लाकडी दुकानात मांडली आहे एवढ्यावरून वस्तू तिथली ठरत नाही, बरीच चमकदार खेळणी कारखान्यांतून आलेली असतात.

खरे लाकडी काम पाहायचे असेल तर एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागातून आलेल्या वस्तूंचे दुकान शोधा. तिथे पूर्वी कथील आणि चांदीच्या खाणी होत्या. खाणी आटल्या तसे खाणकामगार लाकडाच्या कामाकडे वळले आणि झायफेन हे गाव त्याचे केंद्र झाले. अक्रोड फोडणारे बाहुले आणि तोंडातून धूपाचा धूर सोडणारे म्हातारे तिथलेच. मला मात्र सर्वांत भावले ते छिललेल्या लाकडाचे झाड. बोटभर जाडीच्या काठीवर पटाशी चालवून कारागीर एकेक पातळ साल उचलतो, पण ती तोडत नाही. साल वळून कुरळी होते आणि काठीलाच चिकटून राहते. अशा थरावर थर चढवून संपूर्ण झाड एकाच काठीतून उभे राहते, त्यात ना खिळा ना डिंक. जवळून पाहिले तर प्रत्येक वळण जरा वेगळे दिसते, आणि हातकामाची खूण तीच. लहानसे झाड परवडते आणि वजनालाही काही नसते. प्रवासात मात्र ते पुठ्ठ्याच्या डब्यात घालून हातातल्या पिशवीतच ठेवा.

न्युर्नबर्गचे स्वतःचे म्हणाल तर सुकवलेल्या आलुबुखारांचे हातपाय, अक्रोडाचे डोके आणि कापडाच्या तुकड्यांचे कपडे असलेली बाहुली पाहा. ती खाण्याची नसून शोभेची आहे. इतक्या छोट्या मापाचे शिवणकाम करणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो.

लेबकुखेन ही मसालेदार गोड भाकरी या शहराची ओळख आहे. मसाल्यांचा व्यापार इथून होत असे आणि भोवतालच्या जंगलांत मधमाश्या पाळल्या जात, त्यातून ती जन्माला आली. न्युर्नबर्गर लेबकुखेन या नावाला युरोपीय संघात भौगोलिक संरक्षण आहे. तिच्यातला एलिझन हा प्रकार सर्वांत उंची: त्यात बदाम, अक्रोड यांसारखा मेवा किमान 25 टक्के असावा लागतो आणि पीठ 10 टक्क्यांहून अधिक चालत नाही. त्यात अंडे असते, त्यामुळे ज्या घरी अंडे चालत नाही तिथे देऊ नका. इतरांसाठी घ्यायची झाली तर ती बाजारात न घेता गावातल्या साध्या वाणसामानाच्या दुकानात घ्या, तिथे जावयांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरते. ती आठवडेच्या आठवडे टिकते.

उत्तर – विजापूर रोड

ताई, आम्हीही अंडे न खाणारे, म्हणून खाण्याविषयी थोडक्यात लिहिते. दालचिनी-साखरेत परतलेले गरम बदाम आणि भाजलेले चेस्टनट हे दोन पदार्थ निर्धास्त खा. चेस्टनट रताळ्यासारखे लागतात आणि हातही शेकतात. बटाट्याच्या तळलेल्या चकत्या सफरचंदाच्या गरासोबत देतात, दिसायला त्या आपल्याच वाटतात, पण त्यात बहुधा अंडे असते. फ्लामकुखेन या पातळ भाकरीवर डुकराचे मांस घालतात, तेव्हा मागण्यापूर्वी विचारा. ‘ओने फ्लाइश, ओने आय’ एवढे म्हटले की मांस नको, अंडे नको हे समजते. घरून पोटभर जेवून निघणे सर्वांत उत्तम. मुलीकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेणारच असाल, तर पिशवीत थोडी बाजाराच्या दिवसासाठीही ठेवा.

उत्तर – सात रस्ता

माझे मत थोडे वेगळे आहे. न्युर्नबर्ग पाहा, पण कोलोन आणि स्ट्रासबुर्गसाठी त्या पर्यटन कंपनीला पैसे देऊ नका. स्ट्रासबुर्गचा बाजार 1570 पासूनचा आहे आणि कोलोनचा बाजार भव्य कॅथेड्रलच्या पायथ्याशी भरतो, हे सर्व खरे आहे. परंतु डिसेंबरात तिथली हॉटेले अतिशय महाग असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शहरात पोहोचेपर्यंत तेच बदाम, तेच कप आणि तेच दिवे पाहून उत्साह ओसरतो. नात्यातल्या माणसांसोबत मी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा जर्मन धर्तीवरचा बाजारही पाहिला आहे. तिथे गर्दी आणि खर्च तेवढाच, पण मन रमेना, कारण भोवतालचे शहर त्या बाजाराचे नव्हते.

त्यापेक्षा जवळच्या बांबर्ग शहराला जा. येशूजन्माचे देखावे चर्चमध्ये आणि चौकांत मांडण्याची तिथे मोठी परंपरा आहे, आणि ते एकामागून एक पाहत हिंडण्यात अख्खा दिवस जातो. बायर्न-टिकेट या एका तिकिटावर पाच जणांपर्यंत संपूर्ण बव्हेरियात, म्हणजे ही सगळी शहरे ज्या राज्यात आहेत तिथे, दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येते. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून चालते. आणि तुमच्या मुलीच्या एर्लांगनमध्येच श्लॉसप्लाट्स या चौकात छोटा नाताळ बाजार भरतो, त्याला कमी लेखू नका. तिथे शेजारी एकमेकांना भेटायला येतात, दुकानदाराला दोन शब्द बोलायला सवड असते आणि काकांना कंटाळा आला तर घर जवळच आहे.

प्रश्नकर्ती – जुळे सोलापूर

सर्वांची मनापासून आभारी आहे. तिकीट अजून काढलेले नाही, त्यामुळे आता 4-5 डिसेंबरच्या सुमारास पोहोचायचे असे आज मुलीशी बोलून ठरवले. कोलोन आणि स्ट्रासबुर्ग रद्द केले. चाटी गल्लीतल्या भाऊंनी वर्णन केलेले ते काठीचे झाड मी दोन्ही नातवंडांसाठी आणणार आहे. आता व्हिसाला किती आधी लागावे, एवढे कोणी सांगेल का?

उत्तर – नवी पेठ

ताई, शेन्गेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. पण सणाच्या हंगामात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कामाला लागा. शुल्क माणशी 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवासविमा सक्तीचा आहे. मुलीकडून निमंत्रणपत्र आणि तिच्या निवासाचा पुरावा आधीच मागवून घ्या. भेटीची वेळ मुंबईची मिळाली तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी काम उरकता येते, मात्र तिचे आरक्षण लवकर भरते.