कुडाळ ते दापोली किनाऱ्याने: चालकासह गाडी ठरवताना काय पाहावे?

राजवाडा_इंदूर

येत्या डिसेंबरात आई-बाबांना कोकणचा किनारा दाखवायचा आहे. बाबांचे वय ७४ असून त्यांचे गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. आईचे आजोळ वेंगुर्ल्याचे. लग्नाआधी तिथे घालवलेल्या सुट्ट्यांनंतर तिने समुद्र जवळून पाहिलेलाच नाही. मला स्वतःला घाटवळणांवर गाडी चालवण्याचा सराव नाही, म्हणून चालकासह गाडी ठरवण्याचे मनात आहे. रेवस ते रेडी या सागरी मार्गाने, अलिबागहून निघून सहा दिवसांत मालवणला पोहोचावे, असा कच्चा आराखडा केला आहे.

मुंबईतल्या एका गाडीमालकांनी दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे भाडे आणि शिवाय चालकाचा भत्ता असा दर सांगितला. परंतु नकाशावर आमचे रोजचे अंतर त्याच्या निम्मेही भरत नाही. गाडी मुंबईहून न्यावी की तिकडचीच घ्यावी? खाड्यांवरच्या फेरीबोटींमध्ये वयस्कर माणसांना त्रास होतो का? आणि चालकाच्या राहण्याची सोय कोणी करायची असते? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

ताई, मी १८ वर्षे याच किनाऱ्यावर प्रवाशांची गाडी चालवतो, म्हणून आधी दिशेबद्दल सांगतो. आपला आराखडा उलटा करावा, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे यावे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. अलिबागहून मालवणकडे उतरताना समुद्र उजवीकडे राहतो, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांची पूर्ण लेन ओलांडल्याशिवाय गाडी समुद्राच्या कडेला घेता येत नाही आणि वळणावर तसे करणे धोक्याचे असते. वर येताना मात्र समुद्र डाव्या हाताला येतो; जिथे वाटेल तिथे गाडी बाजूला घेता येते आणि पुढच्या डाव्या आसनावर बसलेल्या माणसाला काचेतूनच सगळे दिसते. वडिलांना तिथेच बसवावे. पाय लांब करायलाही तिथे जागा मिळते.

त्यासाठी मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसने कुडाळला उतरावे आणि इथली गाडी घ्यावी. शेवट दापोलीत करून खेडहून रेल्वेने परतता येईल. सहा दिवसांत अलिबागपर्यंत ओढत नेले तर आईवडील किनारा पाहण्याऐवजी गाडीत झोपा काढतील. इथल्या गाडीला येण्याजाण्याचे रिकामे किलोमीटर पडतात, ते आधीच बोलून घ्यावेत. तरीही रोजच्या ३०० किलोमीटरच्या हिशोबापेक्षा ते बहुधा परवडते, कारण या रस्त्यावर एखादा दिवस सोडला तर दिवसाला १०० ते १२० किलोमीटरच्या पुढे जाऊच नये. गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी आहेत ना, हेही पाहावे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला भाडे घेण्याचा परवाना नसतो, आणि अपघात झाल्यास विम्याच्या वेळी प्रवाशांची अडचण होते.

या मार्गावर आपल्याला दोन खाड्या बोटीने ओलांडाव्या लागतील: जयगडहून तवसाळ आणि धोपावेहून दाभोळ. बोट न घेता धोपावेहून दाभोळला जायचे म्हणजे चिपळूण-खेडचा मोठा वळसा पडतो. बोटीवर वयस्कर माणसांना त्रास होत नाही. गाडीत बसूनही जाता येते. अडचण येते ती चढताना, तीसुद्धा पूर्ण ओहोटीला. पाणी खाली गेले की बोटीचा लोखंडी उतार आणि जेटी यांच्यामध्ये कोन तयार होतो आणि गाडीचा पुढचा बंपर घासतो. अशा वेळी मी काच खाली करतो, बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे पाहत गाडी तिरकी घेतो आणि एक चाक चढल्यावर मगच दुसरे चढवतो. ओहोटीने उघडी पडलेली जेटी शेवाळामुळे बुळबुळीत असते, तिथे आपल्या वडिलांनी पाऊल टाकू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी अधिक खोल जाते, म्हणून त्या दिवसांत भरतीची वेळ पाहूनच हॉटेलमधून निघावे. गाडी ठरवताना चालकाला सरळ विचारावे, की या दोन बोटींवर त्याने गाडी चढवली आहे का.

वाटसरू_ठाणे

वरच्या उत्तरातील प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी माझ्या चुकीतून देतो, कारण ती चूक दुसऱ्या कोणी करू नये असे मला मनापासून वाटते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही असेच चालकासह निघालो होतो. भाड्यात भत्ता धरला होता, त्यामुळे चालकदादा कुठे झोपतात हे विचारण्याची गरज मला वाटली नाही. आम्ही उतरलो होतो त्या ठिकाणी चालकांसाठी खोली नव्हती आणि भत्त्यात गावात दुसरी खोली मिळत नव्हती. दोन रात्री ते गाडीतच झोपले. डासांमुळे काचा लावाव्या लागत आणि उकाड्यामुळे पुन्हा उघडाव्या लागत. तिसऱ्या दिवशी दुपारी देवगडच्या अलीकडे गाडी हळूहळू डावीकडे सरकत कच्च्यात गेली, खडी उडाली, आणि माझ्या मुलीने ‘काका!’ अशी हाक मारली तेव्हा ते जागे झाले. दोनच हातांवर चिऱ्याचा गडगा होता. त्यांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. त्यांना दोष देण्याचा मला काहीच अधिकार नव्हता.

मोटर परिवहन कामगार कायदा, १९६१ याने कामाचे तास दिवसाला आठ ठरवले होते, परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. एकट्या गाडीच्या चालकाचे तास प्रत्यक्षात प्रवाशानेच सांभाळावे लागतात. तेव्हापासून मी खोली आरक्षित करतानाच चालकासाठी पंखा आणि न्हाणीघर असलेली खोली मागतो, नसेल तर निवास बदलतो. जेवणही आम्ही एकाच वेळी घेतो, म्हणजे आमच्या जेवणानंतर त्यांना घाईघाईने चार घास उरकावे लागत नाहीत.

राजवाडा_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. दिशेचा विचार मला सुचलाच नसता. बाबांना फारसे चालावे लागणार नाही, असे मुक्काम कोणते घ्यावेत? आणि आईला वेंगुर्ले दाखवता येईल का?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

वेंगुर्ल्यापासूनच सुरुवात करावी. कुडाळहून ते जवळ आहे. पहिला दिवस आईंच्या आजोळाला द्यावा आणि पहिला मुक्काम तिथेच करावा. दुसरा मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यासाठी हलत्या होडीत उतरावे लागते, ते वडिलांनी टाळावे. धक्क्यावरूनही तटबंदी छान दिसते. पुढे कुणकेश्वर, देवगड, विजयदुर्ग करत जैतापूरच्या पुलावरून पावसमार्गे रत्नागिरीला तिसरा मुक्काम. थिबा राजवाड्यापाशी गाडी अगदी जवळ जाते. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी तो १९१० मध्ये बांधला, आणि १९१६ मध्ये त्याचे निधन रत्नागिरीतच झाले.

चौथ्या दिवशी गणपतीपुळ्याला हमरस्त्याने न जाता आरे-वारेच्या रस्त्याने जावे. मधल्या टेकडीवर आले की आरे आणि वारे या दोन्ही पुळणी दिसतात. तिथे मी इंजिन बंद करतो आणि काचा उतरवतो. खालून लाटांचा आवाज वर येतो आणि बहुतेक माणसे काही वेळ बोलत नाहीत. वडिलांना गाडीतून उतरावेही लागणार नाही. पाचव्या दिवशी जयगडची बोट, हेदवी आणि गुहागर. सहाव्या दिवशी दाभोळची बोट घेऊन दापोली.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर रस्त्यावर गुरे बसलेली असतात, म्हणून रोज साडेपाचपर्यंत मुक्कामी पोहोचण्याची अट चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी.