गोदाघाट, उड्डाणपूल आणि शहराच्या भिंती: नाशिकमध्ये चित्रे कुठे असावीत?

पंचवटीकर: 2027 च्या सिंहस्थापूर्वी गोदाघाट चित्रांनी सजवावा, अशी इच्छा अनेकजण बोलून दाखवतात. माझा तिला स्पष्ट विरोध आहे. रामकुंड आणि नारोशंकर मंदिराच्या परिसरातील काळा दगड उघडाच शोभतो, पण प्रश्न केवळ शोभेचा नाही. ऑइलपेंटचा थर दगडाची आणि सांध्यांतील चुन्याची छिद्रे बुजवतो. आत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर चुनाही निघून येतो. पुढे तो रंग काढण्यासाठी वाळूचा मारा केला किंवा आम्ल वापरले, की दगडावरचे छिन्नीचे टाके कायमचे पुसले जातात. शिवाय 2016 आणि 2019 चे पूर दुतोंड्या मारुतीला, म्हणजे ज्यावरून गोदावरीच्या पुराची पातळी जोखतात त्या मूर्तीला, किती चढले होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे कोणते चित्र टिकणार?

रेखाटणारा: घाटाच्या दगडाला हात लावू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु वारशाचा हा मुद्दा पुढे करून सबंध शहरातच चित्रांना नकार दिला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. द्वारका चौकाजवळचे उड्डाणपुलाचे खांब आणि सिडको-सातपूरच्या सिमेंटच्या कुंपणभिंती यांचा कोणता वारसा धोक्यात येणार आहे? सातपूरच्या एका भिंतीवर मालकाच्या लेखी परवानगीने मी द्राक्षे खुडणाऱ्या बाईचे चित्र काढले. आठवडाभरातच कोणी तरी खळ लावून, नेमके तिच्या हातातल्या कात्रीवर, क्लासचे पत्रक चिकटवले. मालमत्ता विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे, तरी वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत झळकतात आणि ब्रश हातात असलेल्यालाच आधी हटकले जाते. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी वसाहतीच्या भिंती चित्रकारांना रीतसर मिळाल्या आणि आता ती चित्रे पाहायला लोक मुद्दाम जातात. नाशिकने तेवढे तरी करावे.

तिवंधा चौक: आपण दोघेही भिंतीपलीकडे पाहत नाही, असे मला वाटते. सार्वजनिक जागेचा सर्वांत कल्पक वापर जुन्या नाशकात पेशवाईपासून चालत आला आहे. एरवी ज्या रस्त्यावरून रिक्षा धावतात, तोच रस्ता रंगपंचमीला उकरून, खालचे लाकडी ओंडके बाजूला करून रहाड, म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद, उघडतात. तिची पूजा होते, तिच्यात ठरलेला रंग कालवला जातो, मग अख्खी गल्ली तिच्यात उड्या घेत धप्पे मारते आणि नंतर रहाड बुजवून रस्ता पुन्हा वाहतुकीला मोकळा होतो. यात प्रेक्षक कोणीच नसतो. खर्च करायचाच असेल तर तो अशा जागा जपण्यावर व्हावा. खांबावरचे चित्र गाडीतून जाताना क्षणभर दिसते आणि विसरले जाते.

पेठ तालुका: चित्रे काढायचीच असतील तर एक विनंती आहे. आमच्या भागात लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक हा मंगल चौकोन लिहितात आणि त्यात पालघट ही सुफलतेची देवी असते. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही वारली कला जगभर पोहोचली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. असे असताना कंत्राटदार ‘वारली’ म्हणून साच्यातून एकसारख्या माणसांच्या रांगा उमटवतो आणि मजुरी चौरस फुटावर ठरते, हे आम्हाला बोचते. काम आमच्या माणसांना द्यावे, विषय त्यांना ठरवू द्यावा आणि चित्राखाली त्यांचे नाव असावे.

पंचवटीकर: ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मात्र तिवंधा चौकचा निष्कर्ष मला पटत नाही. रहाड वर्षातून एकदा उघडते, तर पुलाखालून कामावर जाणारा माणूस तो राखाडी खांब रोज पाहतो. त्यालाही काही चांगले दिसायला हवे. खांब द्यावेत, पण देखभालीचा खर्च आधीच मंजूर करून द्यावेत.

रेखाटणारा: देखभालीची अट योग्य आहे, परंतु ती फक्त चित्रकारांनाच का? फ्लेक्स लावणाऱ्याकडून फाटके कापड आणि गंजलेला सांगाडा काढून घेण्याची हमी आधी घ्या, मग आमच्याकडे मागा.

तिवंधा चौक: फ्लेक्स हटवण्याच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. खांबांबाबतचा माझा विरोध मात्र कायम आहे.