अंतिम सामना मित्रपरिवारासोबत पाहताना लहान मुलांना कसे सांभाळावे?

कोथरूडची आई:
नमस्कार. पुढच्या रविवारी संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा टी-ट्वेंटीचा अंतिम सामना आमच्याकडे चार कुटुंबे मिळून पाहणार आहोत. मुले सहा असून वये तीन ते आठ वर्षे आहेत. 19 नोव्हेंबर 2023 चा अनुभव मनात आहे म्हणून विचारते. अहमदाबादच्या त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या डावात सलग 97 चेंडूंवर एकही चौकार गेला नाही, मोठी माणसे गंभीर होऊन बसली आणि नेमक्या त्याच वेळी मुलांचा धीर सुटला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने 137 धावा करून सामना आपल्या हातून काढून घेतला, तेव्हा बाबा कोणावर रागावले आहेत, हे माझ्या पाच वर्षांच्या मुलाला कळेना आणि तो रडत माझ्या मांडीवर झोपला. मुलांना दुसऱ्या खोलीत कार्टून लावून देणे मला पटत नाही. त्यांना सामन्यात सामील करून घ्यायचे असेल तर काय करावे?

सांगलीकर बाबा:
मुलांनी पूर्ण सामना पाहावा ही अपेक्षाच सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टी-ट्वेंटीत पहिली सहा षटके पॉवरप्लेची असतात, तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असल्यामुळे चौकार-षटकार भरपूर जातात. तेवढा भाग मुलांचा समजावा आणि त्या वेळी मोठ्यांनी त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. माझ्या सात वर्षांच्या मुलीला मी धावफलक लिहायला बसवतो. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा, पाच वाजता सुरू झाला. स्मृती मानधना आमच्या सांगलीची, त्यामुळे ती 45 धावांवर बाद झाली तेव्हा मुलगी हिरमुसली, परंतु पेन्सिल तिने खाली ठेवली नाही. धाव नसेल तर टिंब, चौकार असेल तर आकड्याभोवती लाल स्केचपेनने गोल. शफाली वर्माच्या 87 धावांनी तिच्या वहीचे पान लाल झाले होते. दक्षिण आफ्रिकेच्या डावात मात्र दहाव्या षटकानंतर टिंबे ओळीखाली घसरू लागली आणि ती तिथेच झोपली. सामना संपायला मध्यरात्र झाली. दुसऱ्या दिवशी दीप्ती शर्माचे पाच बळी आणि हरमनप्रीतचा शेवटचा झेल पुन्हा पाहून तिने वहीतल्या उरलेल्या ओळी भरल्या. जे निसटले ते सकाळी दाखवू, असा शब्द आधी दिला आणि तो पाळला, तर मुले झोपायला कुरकुर करीत नाहीत.

एडिसन, न्यू जर्सी:
आमच्याकडे 29 जून 2024 चा बार्बाडोसचा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना सकाळी साडेदहाला सुरू झाला, त्यामुळे झोपेचा प्रश्न नव्हता. तरीही एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या असताना यजमानांनी सगळ्यांना बजावले की, कोणीही जागा सोडायची नाही. त्यांचा फलंदाज क्लासेन बाद झाल्यावर तर तो नियम अधिकच कडक झाला. माझा पाच वर्षांचा मुलगा "आई, शू लागली" असे दोनदा हळूच म्हणाला आणि मीही त्याला "थांब, एवढे षटक होऊ दे" असे सांगितले. शेवटी त्याची चड्डी ओली झाली आणि तो सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला झेल मी पाहिलाच नाही; बाथरूममध्ये त्याचे कपडे बदलताना बाहेरचा जल्लोष तेवढा ऐकला. आपण सात धावांनी जिंकलो, पण त्याला त्या दिवसाचे तेवढेच आठवते. म्हणून पाहुण्यांना आधीच सांगावे की, मुलांना कोणत्याही कारणाने जागेवर बांधून ठेवायचे नाही. शकुन-अपशकुन मोठ्यांनी स्वतःपुरते पाळावेत.

दोन जुळ्यांची आजी:
जेवणाचे लिहिते. मुलांना वरण-भात साडेसहालाच भरवावा, कारण दोन डावांच्या मधल्या वीस मिनिटांत सहा मुलांची जेवणे होत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला अचानक उठलेल्या ओरड्याची फार भीती वाटते. त्याला टीव्हीपासून दूर, दाराजवळ घेऊन बसावे आणि "आता सगळे ओरडतील हं" असे आधी सांगावे. तुम्ही मोबाइलवरून टीव्हीला जोडणार असाल, तर ते प्रक्षेपण डिशपेक्षा काही सेकंद मागे असते आणि शेजारचा आरडाओरडा आधी ऐकू येतो. माझ्या नातवंडांना तो ऐकून "आली, विकेट आली" असे सांगण्यात मोठी गंमत वाटते.

कोथरूडची आई:
सर्वांचे मनापासून आभार. एडिसनच्या ताईंचे वाचून मी आजच आमच्या गटावर निरोप टाकला आहे. सहा वह्या आणि लाल स्केचपेन उद्या आणते. तीन वर्षांच्या मुलासाठी दाराजवळ गादी घालीन. आजी, जेवण साडेसहाला नक्की.