रविवारची बस: पर्तगाळी

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी काणकोणचा पर्तगाळी मठ नक्की. बस सकाळी ६.३० ला गेटवर, कुणासाठी थांबणार नाही. अजून ११ सीट रिकाम्या आहेत.

ए-२०१ वहिनी: मठ की आश्रम? धाकटा विचारतोय. त्याच्या मते आश्रमात हरणं असायलाच हवीत 😄

सी-१०४: मी पुण्याहून नवीन आलेय, म्हणून विचारते. गोव्यात आश्रम म्हटलं की मला किनाऱ्यावरची योगावाली खोपटी आठवते. डिसेंबरात एका ठिकाणी तीन दिवसांचे पैसे भरले. मौनाचा कार्यक्रम होता आणि पलीकडच्या शॅकमध्ये रात्री दोनपर्यंत डीजे. पैसे काही परत आले नाहीत.

बी-३०२ काका: मौन होतं म्हणून वाचलात, नाहीतर डीजेवाल्याशी जुंपली असती.

सेक्रेटरी: मास्तर, तुम्हीच सांगा. थोडक्यात हं.

ए-१०३ मास्तर: थोडक्यात मला जमत नाही हे साऱ्या सोसायटीला ठाऊक आहे. ‘आश्रम’च्या पोटातच ‘श्रम’ आहे, हे धाकट्याला सांगा. कृष्ण-सुदामा सांदीपनींकडे शिकायला होते तेव्हा रानात सरपण आणायला जात, पावसात अडकत. आयुष्याच्या चार टप्प्यांनाही हाच शब्द: ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. त्यात भार कोण वाहतो? गृहस्थ! विद्यार्थी आणि संन्यासी जेवतात ते त्याच्या चुलीवर. धर्मशास्त्रानेच म्हटलंय, नद्या जशा समुद्राला मिळतात तसे बाकीचे आश्रम गृहस्थाच्या आसऱ्याला येतात. म्हणजे हप्ते भरणारे आपण सगळे मोठे लोक आहोत, वहिनी.

मठाचं तंत्र निराळं. ऋषी गेले की आश्रमाचं परत रान व्हायचं. मठात स्वामी हयात असतानाच शिष्यस्वीकार करतात, म्हणजे पुढचा स्वामी नेमतात, म्हणून पीठ रिकामं राहत नाही. पर्तगाळीची परंपरा १४७५ पासूनची, द्वैत मताची, म्हणजे देव आणि जीव वेगळे मानणारी. स्वामींच्या नावापुढे ‘तीर्थ’ लागतं. आपल्या फोंड्यातला कवळे मठ अद्वैताचा, म्हणजे दोन्ही एकच मानणारा, तिथे ‘सरस्वती’. तो गौडपादाचार्यांच्या नावाचा, म्हणजे शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू.

सी-१०४: कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जाऊन आले, पण मठ राहून गेला.

मास्तर: शांतादुर्गा मूळची केळशीची आणि हा मठही केळशीचाच. १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याच्या सासष्टीतली देवळं पाडली तेव्हा देव झुआरी ओलांडून अंत्रुजात आले. अंत्रुज म्हणजे आपलं फोंडा, तेव्हा आदिलशाहीत. मंगेशही कुठ्ठाळीहून तसाच प्रियोळला आला. मूर्ती डोक्यावरून नेता येते हो, पण घरदार सोडून पांगलेल्या माणसांना एकत्र कोण ठेवणार? वर्षातून एकदा स्वामींपुढे जाऊन काणिका म्हणजे दक्षिणा ठेवायची आणि फलमंत्राक्षता, म्हणजे आशीर्वादाचं फळ आणि मंतरलेल्या अक्षता, पदरात घ्यायच्या, एवढ्याशा धाग्याने घराणी बांधलेली राहिली. माझी आजी त्या अक्षता तांदळाच्या डब्यात टाकायची, वर्षभर डबा रिता होऊ नये म्हणून. मला मठ कळला तो त्या डब्यातून.

सी-२०३ भाऊ: मास्तर, राग मानू नका, पण ही सगळी सारस्वतांची घराणी. आम्ही बाकीचे कुठे बसायचं?

मास्तर: राग कसला भाऊ, बोललात ते खरंच आहे. जुने मठ ज्ञातीचेच होते. पंगतीतही भेद असायचे, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेत आणि आठवलं की अजून खाली बघावंसं वाटतं.

सी-२०३ भाऊ: आमचं घर कुंडईच्या तपोभूमीचं, पद्मनाभ संप्रदाय. पुढची बस तिकडे न्या.

सेक्रेटरी: मान्य 👍 लिहून ठेवतो.

बी-३०२ काका: स्वामी भेटतील का तिथे?

मास्तर: चातुर्मास नाही, म्हणजे दौऱ्यावरही असतील. संन्याशाने एरवी एका जागी रुळायचं नसतं. पावसात पायाखाली जीवजंतू येतात म्हणून तेवढा मुक्काम.

बी-३०२ काका: मग चार महिने एका जागी कंटाळत नाहीत?

मास्तर: नाव चातुर्मास, पण यतींचे बहुधा दोनच महिने. पक्ष म्हणजेच महिना धरतात. आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा करून बसायचं आणि भाद्रपदी पौर्णिमेला उठायचं.

ए-२०१ वहिनी: सवलत आवडली 😂 धाकटा विचारतोय, हरणं नसतील तर काय आहे?

सेक्रेटरी: ७७ फुटी राम आहे म्हणावं. मठाला ५५० वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये उभारला.

ए-२०१ वहिनी: हं, आता तयार झाला. आमच्या चार सीट.

सी-१०४: माझी एक. जेवण?

सेक्रेटरी: आधी कळवतोय, प्रसाद मिळाला तर उत्तम. नाहीतर काणकोणात हॉटेल बघू, पण शिवराकच, म्हणजे शाकाहारी. खतखतें (मिश्र भाजी), मणगणें (चणाडाळीची खीर) मिळालं तर नशीब. बसमध्ये कुणी सुंगटाचं (कोळंबीचं) लोणचं उघडू नये, मागच्या खेपेचं आठवतंय ना?

बी-३०२ काका: 🙈 आत शर्ट काढावा लागतो का?

मास्तर: पुरुषांनी काढायची पद्धत आहे. उपरणं आणा.

बी-३०२ काका: एका उपरण्यात माझं पोट मावायचं नाही.

सेक्रेटरी: दोन आणा. सहा सीट उरल्या.