लहान जातीचे पिल्लू घरी आणायचे आहे. मुले 9 आणि 4 वर्षांची आहेत

नेरूळकर_आई यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही नेरूळला सातव्या मजल्यावर दोन बेडरूमच्या घरात राहतो. घरात मी, माझे यजमान, सासूबाई, 9 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहोत. मुलगी दोन वर्षांपासून कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहे आणि आता आम्हा दोघांचेही मन तयार झाले आहे. जागा बेताची असल्यामुळे लहान जातीचेच कुत्रे घ्यावे असे ठरले असून पग, शिह त्झू आणि पॉमेरेनियन यांपैकी एकाचा विचार चालू आहे. एका विक्रेत्याने 35 दिवसांचे शिह त्झूचे पिल्लू येत्या रविवारी घरपोच देण्याची तयारी दाखवली असून, पिल्लू जितके लहान तितका त्याला मुलांचा लळा लवकर लागतो, असे त्याचे म्हणणे आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. धाकटा अजून दांडगट आहे आणि आवडलेली वस्तू तो छातीशी घट्ट आवळून धरतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पिल्लू पायांत घोटाळून त्या पडतील की काय, अशी मला भीती वाटते. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुत्र्याला लिफ्टमधून नेता येणार नाही असे तोंडी बजावले आहे. ज्यांच्या घरी मुले आणि कुत्रा दोन्ही आहेत, त्यांनी कृपया स्पष्टपणे सांगावे.

पाचपाखाडीकर यांचे उत्तर

ताई, रविवारी ते पिल्लू घेऊ नका. इतर काही ठरवण्याआधी एवढे तरी ऐका.

आमच्याकडे पॉमेरेनियन आला तेव्हा माझी मुलगी 5 वर्षांची होती आणि पिल्लू जेमतेम 3 महिन्यांचे होते. कुत्रा मुलीला चावेल का, याचीच काळजी आम्ही सगळे करत होतो. मुलीकडून कुत्र्याला इजा होईल, हे कोणाच्याही मनात आले नाही. एका संध्याकाळी तिने त्याला दोन्ही बगलांखाली हात घालून उचलले. मागचे पाय लोंबकळू लागताच त्याने अंग झटकले आणि ते तिच्या कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडले. पुढच्या एका पायाची दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवावी लागली आणि पुढचे दीड-दोन महिने त्याला छोट्या कुंपणात बंद ठेवावे लागले. ते दुखणे पिल्लाचे होते, पण मुलगी कित्येक रात्री झोपेतून रडत उठत असे, हेही मी विसरलेलो नाही. चूक तिची नव्हती, स्वयंपाकघरात निघून गेलेल्या आम्हा मोठ्यांची होती.

त्यानंतर घरात एकच नियम केला आणि तो आजही चालतो: कुत्र्याला उचलायचे काम फक्त मोठ्यांचे, आणि मुलांना त्याला जवळ घ्यायचे असेल तर दिवाणखान्यातल्या चटईवर मांडी घालून बसायचे. बसल्यावर कुत्रा आपणहून आला तर मांडीवर घ्यायचा आणि उठून जाऊ लागला तर जाऊ द्यायचा. "चटई" एवढा एक शब्द उच्चारला की मुलगी खाली बसायची. चार वर्षांच्या मुलाला "सांभाळून धर" हे समजत नाही, पण चटई नक्की समजते. सोफ्यावर बसून मांडीवर घेणेही टाळा, कारण पिल्लू तिथून उडी मारते.

पशुवैद्यक_घोडबंदर यांचे उत्तर

मी पशुवैद्यक आहे आणि वरील उत्तराशी पूर्णपणे सहमत आहे. लहान जातीच्या पिल्लांच्या पुढच्या पायांची हाडे फार बारीक असतात आणि आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या उंचीवरून पडूनही ती मोडतात. म्हणून "मुले लहान आहेत, तर कुत्राही लहान असू द्या" हा हिशेब बहुतेक वेळा उलटा पडतो.

आता वयाविषयी. 8 आठवड्यांपेक्षा कमी वयाचे पिल्लू विकण्यास 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्रीविषयक केंद्रीय नियमांनी मनाई आहे आणि त्याच नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्य पशुकल्याण मंडळाकडे असावी लागते. यामागे कारण आहे. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू आई आणि भावंडांसोबत खेळतानाच शिकते. त्याने जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो. 35 दिवसांत आईपासून तोडलेले पिल्लू हा धडा तुमच्या मुलाच्या हातावर गिरवते. शिवाय त्या वयात लसीकरण सुरूही झालेले नसते. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांच्या दरम्यान, त्यानंतर 16 आठवड्यांपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी पुढचे डोस आणि साधारण 3 महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, असा क्रम असतो. उलट्या आणि रक्तमिश्रित जुलाब करणारा पार्व्हो या वयाच्या पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बागेत किंवा रस्त्यावर खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन रिक्षांचे आवाज, शाळेचे गणवेश घातलेली मुले आणि छत्र्या त्याला जरूर दाखवाव्यात, कारण साधारण 14 आठवड्यांपर्यंत जे पाहिले त्याचे भय पुढे कमी राहते. पहिल्या 3 महिन्यांत दर पंधरवड्याला जंतांचे औषध द्यावे आणि मुलांनी कुत्र्याशी खेळून झाल्यावर हात धुण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण गोलकृमींची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात.

जातीविषयी माझे मत असे आहे. पग स्वभावाने मुलांमध्ये छान रमतो, परंतु त्याचे नाक आखूड असल्यामुळे धापा टाकून अंग थंड करणे त्याला नीट जमत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी त्याला खाली नेणे धोक्याचे ठरते. शिह त्झूचे नाकही आखूडच असते आणि त्याचे केस रोज विंचरावे लागतात. आपल्या दमट हवेत ते कापून आखूड ठेवलेलेच बरे. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकली जाणारी बरीच कुत्री प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. ती थोडी मोठी आणि काटक असतात, त्यामुळे तुमच्या घराला खऱ्या पॉमेरेनियनपेक्षा अधिक मानवतील, मात्र दोघेही भुंकतात फार. जात कोणतीही असो, गळ्यात पट्टा घालून ओढू नका, छातीभोवतीचा हार्नेस वापरा, कारण अशा कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते.

खरे सांगायचे तर तुमच्या घरासाठी मी पिल्लू सुचवणारच नाही. दीड-दोन वर्षांचा, मुलांच्या घरात वाढलेला आणि कुटुंबाच्या स्थलांतरामुळे नवे घर शोधणारा कुत्रा पाहावा. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, शू-शीची सवय बहुधा लागलेली असते आणि तुमच्या मुलासमोर तो कसा वागतो, हे आणण्याआधीच पाहता येते. सासूबाईंच्या दृष्टीनेही पायांत लुडबुडणाऱ्या पिल्लापेक्षा हे सुरक्षित आहे. त्याच्या गळ्यात छोटा घुंगरू बांधावा, म्हणजे तो जवळ आल्याचे त्यांना कळेल.

आणखी दोन गोष्टी सांगतो. कुत्रा ओठ चाटू लागला, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला किंवा जागच्या जागी ताठरला, तर तो "पुरे" म्हणत असतो. त्यानंतर तो गुरगुरतो. त्या गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नका, कारण गुरगुरणे बंद झालेले कुत्रे थेट चावते. चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, कुत्रा घरचा असला तरीही. दुसरी गोष्ट खाण्याची. मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात. आजी प्रेमाने शिऱ्याचा घास भरवतात आणि त्यात बेदाणे असतात, असे मी अनेकदा पाहिले आहे; त्यामुळे सासूबाईंना हे आधीच समजावून सांगा.

वाशी_कमिटी यांचे उत्तर

मी 6 वर्षे सोसायटीच्या कमिटीत आहे, म्हणून फक्त लिफ्टविषयी लिहितो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वापरही नाकारता येत नाही. तुम्ही सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि सोबत रेबीज लसीकरणाचा दाखला व महापालिकेच्या परवान्याची प्रत जोडा. आमच्याकडे तक्रारी आल्या त्या बहुधा कुत्र्याच्या नव्हे, जिन्यात राहिलेल्या घाणीच्या होत्या. खाली जाताना हातात कागद आणि पिशवी दिसली की निम्मा विरोध तिथेच मावळतो. लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीने जावे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नका. उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका कुत्र्यालाही असतो आणि त्याच्याकडून तो घरातल्या माणसांनाही होऊ शकतो.

नेरूळकर_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल विक्रेत्याला फोन करून नोंदणीचा दाखला आणि पिल्लाची आई पाहायला मिळेल का, असे विचारले. "घ्यायचे असेल तर आजच सांगा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे," एवढेच उत्तर मिळाले, म्हणून तो विचार सोडला. मुलगी खूप रडली, पण पाचपाखाडीकरांच्या मुलीची गोष्ट सांगितल्यावर तिने स्वतःच धाकट्याला चटईवर बसवून कापडी सश्यावर तालीम सुरू केली आहे.

आता दिवाळीचे फटाके संपल्यावरच दीड-दोन वर्षांचा कुत्रा पाहायचा असे ठरले आहे. सकाळी साडेसहाची फेरी यजमानांची, रात्रीची माझी. एक शंका उरली आहे: पहिल्या रात्री त्याला कुठे झोपवावे?

पशुवैद्यक_घोडबंदर

पहिले काही दिवस तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर, त्याच्या जुन्या घरातल्या चादरीसह. ती चादर न धुता मागून आणा. मुलांच्या खोलीचे दार रात्री बंद ठेवा आणि त्याच्या अंथरुणावर मुलांनी कधीही जायचे नाही, हे कुत्रा येण्याआधीच ठरवून टाका.